फोर्ड मॉडेल टी: हँडल मारून सुरू करणं, चालवणं आणि ताब्यात ठेवणं

मॉडेल टी शिकायला सगळ्यात जास्त त्रास होतो तो ज्याला आधीपासून गाडी येते त्याला. फोर्डने १ ऑक्टोबर १९०८ रोजी ही गाडी बाजारात आणली, तेव्हा तिच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी स्टिअरिंग कधी हातात धरलेलं नव्हतं. गिअर खरखरवत, दातात दात बसवत बदलण्याची कसरत त्यांच्या माथी येऊ नये म्हणून तिला प्लॅनेटरी गिअरबॉक्स दिला. त्यातले गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात. पेडल दाबलं की एक बँड फिरत्या ड्रमला आवळतो आणि गिअर पडतो. डावं पेडल लो गिअरचा बँड आवळतं, मधलं रिव्हर्सचा आणि उजवं ब्रेकचा. म्हणजे आजच्या गाडीत ॲक्सिलरेटर असतो तिथे ब्रेक आणि ब्रेक असतो तिथे रिव्हर्स. घाबरल्यावर पाय सवयीने मधल्याच पेडलवर जातो. गाडी तरीही हळू होते, कारण रिव्हर्सचा बँडही तिला आवरतो; पण यावर विसंबून शिकू नये.

पहिले काही तास मोकळ्या, सपाट मैदानातच घालवा. आणि त्याआधी गाडी कोणत्या सालची आहे ते नक्की करा, कारण १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या आणि वरून सारख्या दिसल्या तरी त्यांच्यात बरेच फरक आहेत.

साल कसं ओळखायचं आणि त्याने काय बदलतं

इंजिनाच्या ब्लॉकवर डाव्या बाजूला, पाणी आत जाण्याच्या नळीच्या वर नंबर ठोकलेला असतो. इंजिनाचा नंबर तोच गाडीचा नंबर. मात्र शंभर वर्षांत इंजिनं अदलाबदल झालेली असतात. मॉडेल टीची उभारणी २६ मे १९२७ ला थांबली, तरी फोर्डने तिची सुटी इंजिनं १९४१ पर्यंत बनवली. त्यामुळे नंबरासोबत बाकीच्या खुणाही पाहा.

पितळी रेडिएटर असेल तर गाडी १९१६च्या मॉडेलपर्यंतची. १९१७ पासून काळं पत्र्याचं कवच आलं. पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांना पाण्याचा पंप होता, त्यानंतर पाणी फक्त गरम-थंडाच्या फरकाने फिरतं. अगदी सुरुवातीच्या काही शंभर गाड्यांना दोनच पेडल आणि दोन दांडे होते. तशी गाडी हाती आली तर पुढचं पेडलांचं वर्णन तिला लागू नाही. कॅडिलॅकने १९१२च्या मॉडेलला विजेचा स्टार्टर दिला, फोर्डने मात्र १९१९ पर्यंत वाट पाहिली, आणि तेव्हाही आधी बंद बॉडीच्या गाड्यांनाच. १९२६च्या मॉडेलात मागचे ब्रेक ड्रम मोठे झाले, पेडल रुंद झाली आणि बहुतेक बॉड्यांत पेट्रोलची टाकी आसनाखालून काढून काचेच्या पुढे, डॅशजवळ वर नेली. १९१४ ते १९२५ या काळातल्या गाड्या कारखान्यातून काळ्याच निघत. त्या काळातली लाल किंवा हिरवी गाडी दिसली तर रंग नंतरचा आहे एवढं समजा, त्यावरून यंत्राबद्दल काही ठरवू नका.

निघण्याआधी: तेल, पाणी, चाकं

इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात. तेलाचा पंप नाही. फ्लायव्हीलवर बसवलेली मॅग्नेटोची (स्पार्कसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राची) चुंबकं तेल उडवतात, त्यातलं थोडं एका नरसाळ्यात पडतं आणि बारीक नळीतून इंजिनाच्या पुढच्या टोकाला जातं. तिथून ते वाहत मागे येतं आणि वाटेत कनेक्टिंग रॉड ते सिलिंडरांत उडवतात. पूर्ण भरायला सुमारे ४ क्वार्ट, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास तेल लागतं. डिपस्टिक नाही, फ्लायव्हीलच्या खालच्या कवचाला एकावर एक दोन तोट्या आहेत. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून तेल खाली उतरू द्या आणि गाडीखाली जाऊन वरची तोटी उघडा. तेल आलं तर पातळी भरपूर आहे. वरच्या तोटीतून नाही पण खालच्या तोटीतून आलं तर चालेल, थोडं भरा. खालच्या तोटीतूनही आलं नाही तर इंजिन सुरूच करू नका. पातळी ठीक असूनही पुढचं बेअरिंग किंवा एक नंबरचा रॉड वाजायला लागला, तर ती बारीक नळी तुंबली आहे असं समजा. जुन्या सुती बँडांचे तंतू सुटून तेलात फिरतात आणि तिथेच अडकतात.

साधं १०डब्ल्यू-३० तेल चालतं. फोर्डच्या पुस्तिकेत दर ७५० मैलांना तेल बदलायला सांगितलं आहे आणि ते आजही पाळावं, कारण तेलाला फिल्टर नाही.

पाणी सुमारे ३ गॅलन. पंप नसल्याने पाण्याची पातळी इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फिरणं बंद पडतं आणि थोड्याच वेळात पाणी उकळतं. म्हणून "थोडं कमी आहे, चालेल" हा हिशेब इथे चालत नाही.

टायर मूळ आकाराचे असतील तर पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३½ इंच. हे क्लिंचर टायर, रिमच्या वळलेल्या कडेत फक्त हवेच्या दाबाने धरलेले असतात. त्यांना ६० पीएसआयच्या आसपास हवा लागतेच. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. चाकं लाकडी आऱ्यांची असतील तर प्रत्येक चाक जॅकवर उचलून आडवं हलवा. 'टकटक' ऐकू आली तर आरे सैल आहेत. पाणी पाजून लाकूड फुगवण्याचा उपाय काही दिवसच टिकतो. नवे आरे बसवूनच घ्यावेत.

मागचा ॲक्सल: हे काम गाडी रस्त्यावर नेण्याआधी

पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समधल्या ड्रमवर आहे. ब्रेकचा जोर शाफ्ट, पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर), क्राउन (त्याला भिडणारा मोठा गिअर) आणि मग चाकं असा पोचतो. या साखळीत मधे काहीही तुटलं की पायाखाली ब्रेक उरत नाही. आणि मधे नेमकी एक कमकुवत वस्तू आहे: डिफरन्शिअलच्या बाजूंना बसवलेले बॅबिटचे थ्रस्ट वॉशर. हा मऊ मिश्रधातू वयोमानाने ठिसूळ होतो, त्याचे तुकडे पडतात, क्राउन पिनियनपासून दूर सरकतो आणि दात सुटतात. उतारावर असं झालं तर गाडी मोकळी धावते.

म्हणून ॲक्सल उघडलेला आहे आणि आत ब्राँझचे वॉशर बसवले आहेत, याची खात्री नसेल तर ॲक्सल उघडाच. जुना मालक "चांगला चालतो" म्हणाला, याला काही अर्थ नाही. बॅबिटचे वॉशर तुटेपर्यंत चांगलेच चालतात. उघडल्यावर तेलात राखाडी चुरा दिसला तर वॉशर कुठवर आले आहेत ते कळतं. परत भरताना घट्ट गिअर ऑइल बेताने भरा. जास्त भरलं तर ते नळ्यांमधून बाहेर चाकाच्या ड्रममध्ये जातं आणि हँडब्रेक निकामी करतं. मागच्या हबचे नटही करकचून आवळा. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसतो. तो सैल राहिला तर सगळा जोर हब आणि शाफ्टला जोडणाऱ्या छोट्या चावीवर (की) येतो आणि ती कापली जाते.

रस्त्यावर नियमित चालवायची असेल तर मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे जादा ब्रेक बसवावेत. त्या काळातही ते विकत मिळत आणि 'रॉकी माउंटन' ब्रेक म्हणून ओळखले जातात. गाडीला रकस्टेल या कंपनीचा, वेगळ्या दांड्याने बदलायचा दोन-गती ॲक्सल असेल तर हे ब्रेक हवेतच, कारण त्याचा दांडा मधेच न्यूट्रलमध्ये राहिला की इंजिन आणि पायाचा ब्रेक दोन्ही चाकांपासून तुटतात.

हँडल मारणं

स्टिअरिंगखाली दोन दांड्या आहेत. डावी स्पार्कची, उजवी थ्रॉटलची (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी). स्पार्कची दांडी सगळी वर म्हणजे पूर्ण रिटार्ड (स्पार्क उशिरा), खाली आणाल तसा ॲडव्हान्स (स्पार्क लवकर). थ्रॉटल वर बंद, खाली उघडा. बोर्डावरच्या स्विचला दोन बाजू: बॅटरी आणि मॅग्नेटो.

क्रम असा ठेवा.

१. हँडब्रेकचा दांडा पूर्ण मागे ओढा. यामुळे मागचे ब्रेक लागतात आणि क्लचही सुटतो. तरीही पुढच्या चाकांसमोर ठोकळे लावा. थंडीत तेल घट्ट असतं, क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहतात आणि सुरू होताच गाडी पुढे सरकते. पुढे उभे तुम्हीच असता.

२. स्विच बंद. स्पार्कची दांडी सगळी वर, थ्रॉटल पाच-सहा खाचा खाली.

३. टाकीखालची पेट्रोलची तोटी उघडा. रेडिएटरच्या बाजूला बाहेर आलेली चोकची तार ओढून धरा आणि हँडल दोन-तीनदा पाव-पाव फेरा वर ओढा. पेट्रोल सिलिंडरांत गेलं. चोक सोडा. इथे चोक धरून ठेवला की प्लग ओले होतात आणि मग नुसती मेहनत उरते.

४. स्विच बॅटरीवर. बॅटरी नसेल तर मॅग्नेटोवर, आणि तेव्हा स्पार्क दोन-तीन खाचा खाली घ्यावा लागतो.

५. हँडल आत ढकलून दात पकडू द्या. मुठीची जागा खाली डावीकडे, घड्याळातल्या सात-आठच्या काट्यावर येईल असं पाहा. डाव्या हाताने धरा, अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीभोवती वळवायचा नाही. मग झटक्यात वर ओढा. फक्त वर. खाली दाबायचं नाही आणि गोल गोल फिरवायचंही नाही.

या धरण्याचं कारण असं: पिस्टन वर पोचण्याआधीच स्पार्क पडला तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल जोराने मागे येतं. डाव्या हाताने वर ओढत असाल तर ते बोटं उघडून निसटतं. अंगठा वळवलेला असेल किंवा अंगाचा भार टाकून खाली दाबत असाल तर मनगट मोडतं. स्पार्क पूर्ण रिटार्ड असूनही हँडल मागे येत असेल तर पुन्हा मारून पाहू नका. टायमरची (कोणत्या सिलिंडरला कधी स्पार्क द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाची) दांडी वाकून टायमिंग पुढे गेलं आहे. एक नंबरचा प्लग काढा, स्विच बॅटरीवर ठेवा, हँडल हळू फिरवा. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन सगळ्यात वर जाऊन किंचित खाली निघाल्यावर एक नंबरची कॉइल (त्या सिलिंडरला स्पार्क देणारी) वाजायला हवी. त्याआधी वाजली तर दांडी सरळ किंवा वाकडी करून ते जुळवा.

इंजिन लागलं की स्विच मॅग्नेटोवर, स्पार्क अर्ध्यापर्यंत खाली, थ्रॉटल कमी. कधी कधी पेट्रोल आत गेलेलं असताना नुसता स्विच बॅटरीवर फिरवून स्पार्कची दांडी खाली ओढली की इंजिन हँडलशिवायच सुरू होतं. बघणारे चकित होतात. पण याचाच दुसरा अर्थ असा की स्विच चालू असताना हँडलजवळ निष्काळजी हात नेऊ नये.

गाडी हलवणं आणि थांबवणं

डावं पेडल तीन जागी काम करतं. पूर्ण वर हाय गिअर, मधोमध न्यूट्रल, पूर्ण खाली लो. हँडब्रेकचा दांडा मागे असताना पेडल आपोआप मधे धरलेलं असतं. दांडा उभा असला की ब्रेक सुटलेले पण न्यूट्रल कायम. दांडा पूर्ण पुढे असला तरच हाय गिअर मिळतो.

इंजिन गरम झालं की डावा पाय पेडलवर मधोमध ठेवा आणि दांडा पूर्ण पुढे न्या. पाय हलला की गाडी उडी मारेल, हे लक्षात असू द्या. आता थ्रॉटल थोडा उघडत पेडल ठामपणे तळापर्यंत दाबा. हळूच, घासत दाबणं ही आजच्या क्लचची सवय इथे नुकसान करते: बँड घसरतो, तापतो आणि त्याचं लायनिंग जळतं. ताशी दहा-बारा मैल वेग आला की थ्रॉटल क्षणभर बंद करा, पेडल एका हालचालीत वर येऊ द्या आणि पुन्हा थ्रॉटल उघडा. मग स्पार्क खाली आणत जा, इंजिन ठोके देऊ लागेल त्याच्या जरा आधी थांबा. रिटार्ड स्पार्कवर गाडी हाकली तर एक्झॉस्ट लालबुंद होतो, पाणी उकळतं आणि ताकदही मिळत नाही.

थांबायला: थ्रॉटल वर, डावं पेडल अर्धं, उजवं पेडल खाली. मागे जायला गाडी पूर्ण थांबवून डावं पेडल अर्ध्यावर धरा आणि मधलं दाबा.

तीस-पस्तीस मैलांचा वेग तिला मानवतो. १७७ घनइंचांचं इंजिन १,६०० फेऱ्यांना २० अश्वशक्ती देतं आणि क्रँकशाफ्ट बारीक, तीनच बेअरिंगांवर आहे; चाळीसच्या पुढे सतत पळवून ते मोडण्यात शहाणपण नाही. स्टिअरिंग फार तिखट आहे, आधीच्या गाड्यांत ४:१, शेवटच्या काळात ५:१. हात थोडा हलला की चाक वळतं, म्हणून वळणाआधीच वेग कमी करा.

लांब उतार लो गिअरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून उतरा. एकट्या ब्रेकच्या बँडवर सगळा उतार काढला तर लायनिंग जळल्याचा वास येतोच. जुने चालक लो, ब्रेक, रिव्हर्स अशी पेडलं आळीपाळीने दाबत, म्हणजे प्रत्येक ड्रमला तेलात थंड व्हायला सवड मिळे. चढाचं गणित वेगळं. टाकी आसनाखाली असलेल्या गाडीत पेट्रोल निव्वळ उतारानेच कार्ब्युरेटरकडे वाहतं. टाकीत कमी पेट्रोल असताना खडा चढ आला की कार्ब्युरेटर टाकीपेक्षा उंचावर जातो आणि इंजिन गुदमरतं. अशा वेळी गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवतात. त्यात दुसरा फायदा असा की गिअरबॉक्समधला रिव्हर्स ४:१ आहे आणि लो २.७५:१, म्हणजे रिव्हर्सची ओढ जास्त. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे काठीने टाकी मोजून निघणं.

एक सिलिंडर मरतो तेव्हा

चार लाकडी डब्यांतल्या चार कॉइल, प्रत्येकीवर थरथरणारी पट्टी. फायरिंगचा क्रम १-२-४-३. इंजिन चालू असताना कॉइलच्या पेटीचं झाकण काढा आणि पहिल्या व चौथ्या कॉइलच्या पट्ट्या बोटांनी दाबून धरा, म्हणजे त्या थांबतील. आता फक्त दोन आणि तीन चालतात. त्या सारख्या लयीत चालल्या तर दोष एक किंवा चारमध्ये आहे. मग चौथी सोडा आणि एक, दोन, तीन दाबा; चार नीट चालला तर दोषी एक. असं करत सिलिंडर सापडला की त्याची कॉइल शेजारच्या कॉइलशी बदला. दोष कॉइलसोबत सरकला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर प्लग, वायर किंवा टायमर पाहा. प्लगचं अंतर ०.०२५ इंचाच्या आसपास, कॉइलच्या पट्टीचं सुमारे १/३२ इंच.

सगळेच सिलिंडर एकदम अडखळत असतील तर कॉइल सोडा आणि टायमर उघडा. इंजिनाच्या पुढे, तेलकट जागी बसलेल्या या भागात घाण आणि झीज दोन्ही होतात. बॅटरीवर नीट चालते पण मॅग्नेटोवर अडते, अशी तक्रार असेल तर आधी गिअरबॉक्सच्या झाकणावरचा मॅग्नेटोचा खांब काढून पुसा. त्याच्या टोकाला बँडांचा कचरा जमतो. या खांबाला बॅटरीची वायर कधीही जोडू नका. चुंबकांचं चुंबकत्व उतरतं आणि ते परत भरणं हे मोठं काम आहे.

कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू पूर्ण बंद करून साधारण एक ते सव्वा फेरा उघडा, थंडीत पाव फेरा जास्त, गरम झाल्यावर परत कमी. बंद करताना जोर लावू नका. सुईच्या टोकाला खाच पडली तर पुढे मिश्रण कधीच जुळत नाही.

बँड आवळणं

डावं पेडल फळीला टेकतं आणि तरी लो घसरतो, तर लोचा बँड सैल आहे. हा बाहेरूनच आवळता येतो: गिअरबॉक्सच्या कवचाच्या उजव्या बाजूचा लॉकनट सैल करा, स्क्रू उजवीकडे थोडा फिरवा, पेडल दाबून पाहा, लॉकनट परत घट्ट करा. फार आवळू नका. बँड ड्रमला सतत घासत राहिला तर गाडी न्यूट्रलमध्येही ओढते आणि लायनिंग फुकट झिजतं. उभ्या दांड्यावर गाडी पुढे सरकत असेल आणि बँड ठीक असतील, तर दांड्याच्या आडव्या शाफ्टवरचा क्लचचा स्क्रू पाहा; तो झिजला की दांडा उभा असूनही क्लच पुरता सुटत नाही.

हाय गिअर घसरत असेल तर मात्र बँडचा संबंध नाही, क्लचच्या तीन बोटांचे स्क्रू प्रत्येकी अर्धा फेरा आवळावे लागतात. तिन्ही सारखेच, नाहीतर चकत्या तिरक्या दाबल्या जातात. हे स्क्रू, तसेच ब्रेक आणि रिव्हर्सच्या बँडचे नट, गिअरबॉक्सवरचं झाकण काढल्यावर दिसतात. आत हात घालण्याआधी ड्रमांभोवतीच्या फटी चिंधीने बुजवा आणि प्रत्येक पिन, नट दोऱ्याला बांधूनच काढा. खाली पडलेला नट सरळ फ्लायव्हीलच्या चुंबकांकडे जातो, इंजिन फिरलं की मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये अडकतो आणि मग इंजिन उतरवूनच काढावा लागतो. झाकण परत बसवण्याआधी सुटे भाग मोजा, चिंधी बाहेर काढली आहे ना तेही पाहा.